उदगीरचा नंबर

मंगळवार, २७ मे

प्राचार्य सरांनी बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. आमच्या मुलींच्या कॉलेजात चहा मागवून कुणी चांगली बातमी देत नाही.

"मॅडम, जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॉलेज तपासायला समिती येऊन राहिली. ते लोक आधी वेबसाइट बघतात म्हणे. तुम्ही ग्रंथपाल. जुनं काय, नवं काय, तुम्हाला बराबर कळतं."

एकोणीस वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकली, आता वेबसाइटवरची. "हाव, करते" म्हणून आले. नाही म्हणायची सोय कुठंय.

दुपारी लायब्ररीत बसून सगळी वेबसाइट पाहिली. हसून हसून पोट दुखलं. लाल अक्षरात "नवीन!" लुकलुकतंय, दाबलं तर लिंबू-चमचा स्पर्धा. फोटोत पहिली आलेली मुलगी दोन वेण्या घालून उभी. ती आता आमच्याकडंच इतिहास शिकवते, आणि तिची मुलगी बालवाडीत जाते. उपप्राचार्य म्हणून ज्यांचा फोटो, त्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलेय. एका कोपऱ्यात "काम चालू आहे" आणि खाली फावडं मारणारा माणूस. बिचारा किती वर्षं खणतोय कोण जाणे.

गुरुवार, २९ मे

वेबसाइट दुरुस्त करायला पासवर्ड लागतो. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. ज्या दुकानानं वेबसाइट बनवून दिली तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ऑफिसात विचारलं तर सगळ्यांचं एकच: "बिरादार भाऊसाहेबांना माहीत असंल."

बिरादार भाऊसाहेब म्हणजे आमचे जुने प्रमुख लिपिक. नऊ वर्षांपूर्वी रिटायर होऊन गावी, उदगीरला गेले. वेबसाइटवर मात्र अजून खुर्चीत आहेत. "प्रवेशासाठी संपर्क : श्री. बिरादार, प्रमुख लिपिक", खाली त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर. वेबसाइट झाली तेव्हा आपला नंबर द्यायला कुणी तयार नव्हतं, त्यांनी दिला.

तोच लावला. अर्ध्या रिंगेत उचलला.

"हॅलो, बोला, कोणत्या गावाहून?"

म्हटलं, भाऊसाहेब, मी लायब्ररीतली सुषमा.

"ताई! जेवलाव का?"

सगळं सांगितलं आणि पासवर्ड मागितला. तर म्हणतात, "फोनवर पासवर्ड सांगत नसतेत ताई. पेपरात येतंय की रोज. मी पाकिटात घालून एसटीनं पाठवतो."

हसावं का कपाळाला हात लावावा! बरं म्हटलं. अडला हरी...

शनिवार, ३१ मे

सकाळी बसस्टँडवर. उदगीरच्या गाडीची दीड तास वाट पाहिली. कंडक्टरनं पाकीट दिलं आणि वर एक पिशवी. "हे बी तुमचंच, ताई." पिशवीत दोन किलो तूरडाळ.

पाकिटाला डिंक, डिंकावर सही, सहीवर चिकटपट्टी. आत चिठ्ठी. पासवर्ड आणि खाली "वाचून फाडून टाकणे." फाडून टाकली. पासवर्ड इथंही लिहीत नाही. त्यात त्यांच्या म्हशीचं नाव आहे एवढंच लिहिते.

लायब्ररीत जाऊन टाकला. उघडलं! एकटीनंच टाळ्या वाजवल्या. "शांतता राखा" ही पाटी बरोब्बर डोक्यावर होती.

डाळ लई छान शिजली. ह्यांनी दोनदा वरण मागून घेतलं.

सोमवार, २ जून

वाटलं होतं, पासवर्ड आला, आता सटासट काढून टाकू. कसलं काय! आमच्या संस्थेत खिडकीची काच बदलायची तरी टिपणी लागते. काय करायचं ते कागदावर लिहायचं, कागद सचिवांकडं जातो, सही होऊन आला की मगच हात लावायचा.

सचिव म्हणजे अप्पा. वय ऐंशीच्या वर, जुने हेडमास्तर, कडक इस्त्री, खिशाला लाल पेन. माझी टिपणी वाचली. "कोणती पानं काढायची, दाखवा." मी लॅपटॉप पुढं केला. अप्पा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "याच्यावर सही कुठं करू?"

तर आता सगळ्या वेबसाइटचे प्रिंट. झेरॉक्सवाला विचारतो, मॅडम, पुस्तक छापून राहिलाव का?

शुक्रवार, ६ जून

गठ्ठा परत आला. पानोपान लाल शेरा, एकच: "राहू द्या." वारलेले उपप्राचार्य, राहू द्या. लिंबू-चमचा, राहू द्या. फावडेवाला पण, राहू द्या!

तशीच तणतणत गेले. अप्पा, समिती काय म्हणेल, मेलेली माणसं नोकरीवर दिसून राहिलीत! अप्पा शांत. "माणूस गेला की लगेच पाटी काढायची? आपल्याकडं ती पद्धत नाही, मॅडम."

हे मात्र खरं. स्टाफरूममध्ये फळीवर कप मांडलेत, प्रत्येकावर नाव. जे रिटायर झाले, जे वारले, त्यांचेही तिथंच. त्यात कुणी चहा पीत नाही, कुणी हातही लावत नाही. पुसायचं झालं तर बाहेरून पुसतात.

मग मला एक सुचलं. म्हटलं, अप्पा, काढत नाही, हलवते. एक वेगळं पान करू, "आपली माणसं". जे गेले, जे रिटायर झाले, सगळ्यांचे फोटो मानानं तिथं लावू.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मग हरकत नाही." सही!

बिरादार भाऊसाहेबांचा फोटो पण तिथं जाणार. नंबर अर्थातच निघणार. रिटायर माणसाचा स्वतःचा नंबर नऊ वर्षं वेबसाइटवर, शोभतं का आपल्याला?

रविवार, ८ जून

झालं! सकाळपासून बसले होते. लेक ऋतुजा लातूरला इंजिनिअरिंगला आहे, ती फोनवरून शिकवत होती. "आई, खालच्या बटणावर जा म्हटलं, गॅसवर नको जाऊ." दूध उतू चाललं होतं, मी काय करू.

"नवीन"चा दिवा विझवला. फावडेवाल्याला एकदाची सुट्टी. "आपली माणसं" पान सुंदर झालं, भाऊसाहेबांचा फोटो तर अगदी लग्नातल्यासारखा. प्रवेशासाठी संपर्क: महाविद्यालय कार्यालय, आणि लेटरहेडवरचा लँडलाइन नंबर. सगळं कसं रीतसर.

ऋतुजा म्हणाली, "आई, आता कुठं वेबसाइटसारखी दिसायली." पोरीच्या तोंडून कौतुक म्हणजे... रात्री श्रीखंड आणलं ह्यांनी.

गुरुवार, १२ जून

संध्याकाळी बिरादार भाऊसाहेबांचा फोन.

"ताई, एक काम करताव का? मला एक फोन लावून बघताव का? माझा फोन बिघडला वाटतं."

लावला. लागला. उचलला.

"येतोय की आवाज," म्हणाले. "मग जूनच्या महिन्यात कोणाचाच फोन कसा येईना? चार दिवस झाले. दुकानात दाखवून बघतो."

बरं म्हटलं आणि ठेवला. पोळ्या लाटायला लागले. तिसऱ्या पोळीला डोक्यात उजेड पडला. "हॅलो, बोला, कोणत्या गावाहून?"

अगं बाई. म्हणजे नऊ वर्षं हा माणूस उदगीरला बसून आमच्या कॉलेजचे...

पोळी करपली. त्या दिवशी उचलल्या उचलल्या गाव का विचारलं, हे मला तेव्हाच विचारायला काय झालं होतं?

शनिवार, १४ जून

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मग सांगून टाक की. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतीस?" ह्यांचं सरळ असतं. रेल्वेच्या ऑफिसात आहेत, गाडीची वेळ बदलली की फळ्यावर लिहितात आणि मोकळे होतात.

मी दिवसभर मनाची समजूत घालते आहे. रिटायर माणसाचा नंबर काढला, यात चूक काय? कुणालाही विचारा, बरोबरच आहे. बरोबर आहे तर मग घास का उतरेना?

संध्याकाळी परत फोन. "ताई, दुकानदार मनतो फोन चांगला हाय. त्याला काय कळतंय, मी चांगला बोललो त्याला. नवीन सिमकार्ड घेतलं. नंबर तोच ठिवलाय. आता एकदा लावून बघताव का?"

लावला. सांगायचंच म्हणून तोंड उघडलं. तर ते म्हणाले, "येतोय येतोय, आवाज एकदम क्लिअर," इतक्या खुशीत, की मी बरं म्हणून फोन ठेवला. लई वाईट वाटलं.

सोमवार, १६ जून

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

नायगावकडच्या एका खेड्याहून एक गृहस्थ आले, सोबत मुलगी, अर्चना. बारावीला चांगले मार्क, बी.एस्सी. करायचंय, होस्टेल पाहिजे. होस्टेलची यादी शनिवारी बंद झाली. मी सांगितलं. तो माणूस चिडला असता तर बरं झालं असतं.

"आठ दिवस झाले मॅडम, फोन लावून राहिलो. रिंग जाती, कोणी उचलत न्हाई. हिच्या मोठ्या बहिणीच्या टायमाला एक जण उचलायचे. कोणती कागदं, कोणती गाडी, समदं सांगायचे. तो नंबर जुन्या मोबाइलात गेला, आणि आता वेबसाइटवर बी दिसंना."

मुलगी खाली मान घालून उभी. होस्टेल नाही म्हणजे शिक्षण नाही, हे तिला माहीत होतं. माझं माहेर त्याच बाजूचं, मलाही माहीत आहे.

म्हटलं, आठ दिवस लावताय तो नंबर आत्ता लावा बरं. त्यांनी लावला. आणि कुठून तरी, लांबून, ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. व्हरांड्यातून जाणारे दोघं-तिघं सहज म्हणाले, "वाजू द्या मॅडम, दमला की बंद होतो."

आवाजाच्या मागं मागं गेले. स्टोअररूम. दाराला हे एवढं कुलूप. किल्ली कुणाकडं? सगळे एकमेकांकडं बघतात. शेवटी हेडक्लार्क म्हणतात, "बिरादार भाऊसाहेबांना माहीत असंल."

माझं नशीब बघा! लावला त्यांनाच.

"हॅलो! बोला! कोणत्या गावाहून?" आवाजात एवढा आनंद.

"भाऊसाहेब, मी सुषमा."

"हां. ताई, तुम्ही व्हय." आवाज खाली आला. किल्लीचं विचारलं. "स्टाफरूमात माझा कप हाय न्हवं? त्याच्यात."

गेले. फळीवरून कप काढला. आत किल्ली. नऊ वर्षं! आणि नऊ वर्षं सगळे त्या कपासमोर उभं राहून चहा पीत होतो.

कुलूप उघडलं. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली फोन. बाहेर आणला, पदरानं पुसला. तेवढ्यात माझ्या हातातच वाजला. कुणीतरी बाई होती, मुखेडकडची. म्हणाली, "अगं माय, उचलला की!"

मंगळवार, १७ जून

प्राचार्य सरांना घडलं ते सगळं सांगितलं, नंबर मी काढला, लँडलाइन कुणी उचलतं का ते न बघता टाकला, हेही. सर थोडा वेळ पेन फिरवत बसले. म्हणाले, "चूक आपली. त्या मुलीची नाही." अर्चनाला होस्टेल दिलं. एका खोलीत एक कॉट वाढवली. देवासारखे वागले. मागच्या महिन्यातला चहा माफ.

अर्चनाचे वडील जाताना म्हणाले, "ते फोनवाले सर रिटायर झाले काय? त्यांना नमस्कार सांगा."

आता उदगीरला जाणं आलं. हे फोनवर सांगायचं काम नाही. पासवर्डसारखंच आहे हे.

रविवार, २२ जून

काल लातूरला ऋतुजाकडं मुक्काम. तिलाही सगळं सांगितलं. आज सकाळच्या एसटीनं उदगीर.

दारातच काकू. "बरं झालं आलाव माय. पंधरा दिवस झाले, तोंड पाडून बसलेत. जेवताना बी फोन ताटाजवळ." अंगणात ती म्हैस पण पाहिली, पासवर्डातली. मनातल्या मनात हात जोडले.

भाऊसाहेब थकलेत, पण पँट-शर्ट, खिशाला पेन, सगळं ऑफिसला निघाल्यासारखं. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. भाऊसाहेब, फोन चांगला आहे. वेबसाइटवरून तुमचा नंबर काढला. मी काढला. तुम्हाला न विचारता.

त्यांनी फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे फोन चांगला हाय."

"हाव."

"मग त्या दुकानदाराला मी खामखा बोललो."

उठून आत गेले. मला वाटलं, झालं, रुसले. बाहेर आले तर हातात वह्यांची चवड. नऊ. रिटायर झाल्यापासून दर वर्षाची एक. तारीख, गाव, मुलीचं नाव, काय विचारलं, काय सांगितलं. शेवटच्या रकान्यात "आली" किंवा "नाही आली". दहावी, यंदाची, वेगळी होती. ती सात जूनला थांबलेली. पुढच्या पानांवर तारखा टाकून ठेवल्या होत्या, खाली सगळं कोरं. ते बघितलं आणि मला रडूच आलं. काकू आतून म्हणतात, "काय ओ, लेकीला बोललाव का काय?"

"न्हाई, म्या कशाला बोलू." मग मला म्हणाले, "सुरवातीला मी बी मनायचो, मी रिटायर झालो, ऑफिसात लावा. मग एक बाप मनला, तिथं कोणी उचलत न्हाई, तुम्ही तरी उचललाव. तवापासून फोन ठेवायला जीव होईना."

पण माहिती कुठून मिळते तुम्हाला? तर हसले. "तुम्हीच देताव की." दरवर्षी जून लागला की उदगीरच्या गाडीनं लायब्ररीतून एक माहितीपुस्तक पाठवते मी, त्यांनी मागितलं म्हणून. मला वाटायचं, जुन्या माणसाची हौस आहे.

जेवण झालं. निघताना म्हणाले, "काढलाव ते नियमानं बराबर हाय ताई. वाईट वाटलं, न्हाई मनत न्हाई. पण एकदा विचारलं असताव, तर..." नऊ वह्या पिशवीत घालून दिल्या. "न्या. कामाला येतील. ह्या वाचून फाडू नका मातर."

मंगळवार, २४ जून

दोन दिवस वह्याच वाचतेय. काय एकेक प्रश्न!

संध्याकाळच्या गाडीनं पोहोचली तर होस्टेलचं दार उघडतेत का? लग्न झालेलं चालतं का? दोन वर्षं शाळा सुटली होती, आता घेतेत का? बुरखा घालून आलं तर चालतं का? पोरगी लई लाजाळू हाय, एकटी जेवल का? या शेवटच्या प्रश्नापुढं भाऊसाहेबांच्या अक्षरात: "पहिले आठ दिवस यायला रडते, नंतर घरी जायला रडते, असे सांगितले." पुढच्या रकान्यात: "आली."

आणि आमची वेबसाइट? ध्येय, उद्दिष्ट, मान्यवरांचे मनोगत. यातल्या एका प्रश्नाचं उत्तर नाही तिच्यावर. मी घासून पुसून स्वच्छ केली खरी, पण घासलं काय तर रिकामं पातेलं.

नवीन पान करायला घेतलं. "पालक विचारतात". प्रश्न त्यांच्याच भाषेत ठेवले, उत्तरं यंदाच्या माहितीपुस्तकातून पडताळून.

शुक्रवार, २७ जून

पान पाहून प्राचार्य सर खूश. होस्टेलच्या रेक्टरबाईंनी पण दोन उत्तरं सुधारून दिली. मी हळूच म्हटलं, सर, पानाच्या खाली भाऊसाहेबांचा नंबर परत टाकते. ऑफिसचा वर, त्यांचा खाली.

सर एकदम सावध. "मॅडम, रिटायर माणसाचा नंबर अधिकृत वेबसाइटवर? समितीनं विचारलं तर मी काय खुलासा देऊ? आपला लँडलाइन आता चालू आहे."

चालू आहे, पण सकाळी अकरा ते पाच. त्यातही जेवणाची सुट्टी. शेतावरून आलेला बाप सातला फोन करतो, वह्यांत वेळा लिहिल्यात. हे सांगितलं. सर म्हणाले, "टिपणी टाका. अप्पा ठरवतील."

टाकली. अप्पा म्हणजे हमखास "राहू द्या", मला काय फिकीर.

सोमवार, ३० जून

अप्पांनी टिपणी दोनदा वाचली. लाल पेन काढलं. टोपण उघडलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"विचार करतो."

आजवर त्या माणसानं फावडेवाल्याला सुद्धा राहू द्या म्हटलं, आणि आता विचार करतो! गेल्यांना ठेवायला काही लागत नाही. जिवंत माणूस ठेवायचा म्हणजे उद्या जबाबदारी येते. मला अप्पांचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, ८ जूनला मी तरी दुसरं काय केलं होतं?

बुधवार, २ जुलै

समिती उद्या. टिपणी अजून अप्पांच्या ट्रेमध्ये, तिच्यावर आणखी तीन टिपण्या.

पाच वाजता सगळे रांगोळ्या आणि पडद्यांच्या मागं. मी लायब्ररीत एकटी. म्हशीचं नाव टाकलं, आत गेले. पानाच्या तळाशी लिहिलं: "कार्यालय बंद असेल तेव्हा : श्री. बिरादार, निवृत्त प्रमुख लिपिक, उदगीर. स्वेच्छेने माहिती देतात." खाली नंबर. खोटं काही नाही. फक्त सही नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

या वेळी आधी फोन करून विचारलं. भाऊसाहेब, टाकू का? म्हणाले, "थांबा ताई, चार्जिंगला लावतो."

घरी ह्यांना म्हटलं, मेमो आला तर? नोकरीवर बेतलं तर? म्हणाले, "मग उदगीरहून तूरडाळ आणून विकू. माल चांगला आहे."

गुरुवार, ३ जुलै

समिती आली. तिघं जण, त्यात एक बाई, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. लायब्ररीत आल्या, रजिस्टरं पाहिली, मान हलवली. मग बसल्या आणि आपल्या मोबाइलवर वेबसाइट उघडली. प्राचार्य सर उभे, अप्पा खुर्चीत, मी कपाटाला टेकून.

"पालक विचारतात" वाचत खाली खाली गेल्या. दोनदा हसल्या. तळाशी थांबल्या.

"हे निवृत्त आहेत?"

सरांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी माझ्याकडं. मी जमिनीकडं. म्हटलं, हो मॅडम.

त्यांनी तिथंच नंबर लावला. स्पीकरवर.

अर्धी रिंग. "हॅलो, बोला, कोणत्या गावाहून?"

बाईंनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. मुलीसाठी चौकशी करतेय म्हणाल्या. मधे दोन वर्षं शिक्षण सुटलंय, घेतात का? होस्टेलला रात्री उशिरा पोहोचलं तर? भाऊसाहेबांनी न अडखळता सगळं सांगितलं, यंदाचंच, कागदांच्या नावासकट. वर, "रात्रीची गाडी टाळाच ताई, पण उशीर झालाच तर रेक्टरबाईला आधी कळवा, दार उघडतेत." मग विचारलं, "पोरीचं नाव काय?"

बाई गप्प. असं काही विचारतील हे त्यांना वाटलंच नव्हतं.

"असू द्या, सवडीनं सांगा. अन् ताई, मी रिटायर माणूस हाय, ऑफिसातला न्हाई. माझं काही चुकत असंल तर लायब्ररीतल्या ताईला विचारा, त्या बराबर सांगतेत."

फोन बंद झाला. बाईंनी फाइल उघडून चार ओळी लिहिल्या. मी उलट्या बाजूनं वाचायचा लई प्रयत्न केला. अक्षर डॉक्टरसारखं. अहवाल यायला कितीतरी दिवस लागतील म्हणे.

समिती जेवायला गेली. अप्पा मागं थांबले.

"सहीच्या आधीच नंबर चढवलात, मॅडम."

"हाव, अप्पा."

"उद्या ती टिपणी घेऊन या माझ्याकडं."

लाल पेन खिशातच होतं. सही करतात का मेमो देतात, ते उद्या कळेल. रागावलेत का तेही चेहऱ्यावरून कळलं नाही.

सात वाजता भाऊसाहेबांचा फोन. आवाज जूनच्या आधीसारखा.

"ताई, आज चार फोन आले. त्यात एका बाईचा आला. लई बारीक बारीक विचारत होती. पोरीचं नाव विचारलं तर गप्पच झाली. घरचे शिकू देत नसतील का काय, कोणाला माहीत. मी वहीत नावाची जागा मोकळी ठिवलीय. तुमच्याकडं आली तर जरा बघा तिला. अन् मला कळवा, मी 'आली' लिहून टाकतो."

म्हटलं, बरं भाऊसाहेब. आली की कळवते.